लॅपटॉप कपाटात ठेवलात, पण मुलीचं म्हणणं बरोबर होतं

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९२ टक्के होते, यंदा सहामाहीला गणितात ५० पैकी २६. सूर्यावरचे डाग, समुद्राचे प्रवाह आणि हवामान यांवर तिने अख्खी वही भरलीय. मी ती वाचली. त्यात 'सूर्यामुळे सागरी प्रवाह बदलतात हे सिद्ध झालं आहे' असं तिनेच लिहिलंय. मी म्हटलं, पृथ्वी तापतेय तीही सूर्यामुळेच, व्हॉट्सअ‍ॅपवर तसा व्हिडिओ आलाय, मग यात शिकण्यासारखं काय? तर माझ्याशीच वाद घातला. वार्षिक परीक्षेपर्यंत लॅपटॉप कपाटात ठेवलाय. आता घरात फारशी बोलत नाही. या विषयाला स्कोप नाही, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच बरं, हे तुम्ही तिला समजावून सांगा. — एक पालक, बार्शी

उत्तर : 'आता घरात फारशी बोलत नाही.' हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण पत्रात काळजी करण्यासारखं मला तेवढंच दिसलं. २६ गुणांचं बघता येईल.

सोळा वर्षांची मुलगी कुणी सांगितलं नसताना एका विषयावर वही भरते. वडील ती तिला न विचारता वाचतात आणि तिच्याच वाक्याचा तिच्याविरुद्ध वापर करतात. ती मुद्देसूद उत्तर देते, तर लॅपटॉप जातो. यातून ती इतकंच शिकली, की या घरात वाद हरला तरी चालेल, पण बाबांना हरवलं तर शिक्षा होते. लॅपटॉपपायी जागरण होतंय, अभ्यास मागे पडतोय, अशी तुमची तक्रार असती तर मी तुमच्या बाजूने बोलले असते. वेळेचा नियम घरात असावाच. पण तुम्ही लॅपटॉप काढून घेतलात तो वादानंतर. म्हणून तो आजच परत द्या आणि वही न विचारता वाचली ते चुकलं, असं तिला स्वतः सांगा. हे काम तुमच्या वतीने मी करणार नाही. स्कोप नसल्याचं समजावण्याचंही नाही.

कारण पृथ्वी सूर्यामुळे तापतेय हा तुमचा मुद्दाच चुकीचा आहे, आणि तो अनेक घरांत फिरतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सूर्याची सक्रियता (डाग जास्त तेव्हा ती जास्त) साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते. पृथ्वीपर्यंत दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पोहोचते आणि या चक्रात ती बदलते जेमतेम एक वॅटने, म्हणजे हजारात एक भागाहूनही कमी. पृथ्वी गोल आहे आणि काही प्रकाश परत फेकते, हे धरलं तर उरतो वॅटचा पाचवा हिस्सा. त्यातही समुद्र म्हणजे तांब्याचा भलामोठा बंब, विस्तव थोडा कमीजास्त केला म्हणून पाणी लगेच तापत-निवत नाही. त्यामुळे या चक्राने जगाचं सरासरी तापमान अंशाच्या दहाव्या भागाइतकंच हलतं. औद्योगिक काळापासून वाढ झालीय एका अंशाहून जास्त, आणि माणसाने हवेत सोडलेल्या वायूंचा एकूण परिणाम दर चौरस मीटरला अडीच वॅटच्या वर आहे. शिवाय १९८० नंतर सूर्याची सक्रियता वाढलेली नाही. २०१४च्या आसपास शिखर गाठलेलं चक्र तर शंभरेक वर्षांतलं सर्वांत दुबळं होतं, तरी तापमान चढतच राहिलं. सूर्य तापवत असता तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होत आहेत. मुलीने वादात यातलं काय सांगितलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तिची बाजू हीच असणार.

आता पुढचं तिला वाचायला द्या, कारण तिच्याशीही माझं एक भांडण आहे.

वहीतला 'सिद्ध झालं आहे' हा शब्दप्रयोग खोड. शक्यता आहे, काही धागे मजबूतही आहेत. सूर्याची एकूण ऊर्जा फार बदलत नसली तरी तिच्यातला अतिनील भाग काही टक्क्यांनी बदलतो. हा भाग ओझोनमध्ये शोषला जातो, वरची हवा तापते, तिथले वारे बदलतात आणि त्याचा पडसाद खाली आइसलँड आणि अझोर्स बेटांमधल्या हवेच्या दाबात उमटतो. अटलांटिकचं पाणी ढकलणारे वारे या दाबावर चालतात. भूवैज्ञानिक जेरार्ड बॉन्ड यांनी २००१मध्ये उत्तर अटलांटिकच्या तळाच्या गाळात, वितळत्या हिमखंडांनी टाकलेले कण मोजले आणि गेल्या १२ हजार वर्षांतली त्यांची चढउतार सूर्याच्या चढउतारीशी जुळते, असं मांडलं. ओमानच्या गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभांतही जुन्या मोसमी पावसाचा आणि सूर्याचा मेळ दिसला. पण बॉन्ड यांच्या लयीवर पुढे बरेच आक्षेप आले. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास नव्हते आणि युरोप गारठला होता, हे खरं. पण त्या थंड शतकांत मोठे ज्वालामुखीही फुटले, त्यांचा वाटा वेगळा काढायला हवा. आणि अटलांटिकमधली पाण्याची खोल उलाढाल (वरून गरम पाणी उत्तरेला, खालून गार पाणी दक्षिणेला) २६.५ अंश उत्तरेवर सलग मोजली जातेय ती २००४पासून. एवढ्यात सूर्याची दोन चक्रं जेमतेम झाली. दोन चक्रांवरून कुणी 'सिद्ध' म्हणत असेल तर त्याला पुरावा माग.

घाई केली की काय होतं, याचं उदाहरण तुमच्याच भागातलं आहे. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा होरपळला. त्याच काळात ब्रिटिश अधिकारी हंटर आणि खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ यांचा संबंध जाहीरपणे मांडला. डाग मोजून दुष्काळ आधीच सांगता येईल, अशी आशा सरकारलाही वाटली. १९०४मध्ये गिल्बर्ट वॉकर भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले. ते मूळचे गणिती, हवामानशास्त्र शिकलेले नव्हते. त्यांनी आकडे घासून पाहिले, तर डागांचा संबंध फारच कमजोर निघाला. मग जगभरच्या नोंदी तपासताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा उलटसुलट खेळ सापडला. आज आपण एल निनोवरून पावसाचा अंदाज बांधतो त्याची सुरुवात तिथे आहे. हे सगळं गणिताच्या जोरावर झालं. म्हणून ते ५० पैकी २६ माझ्याही नजरेतून सुटलेले नाहीत. अकरावीत गुण घसरणं नेहमीचं आहे, पण या विषयात कलनशास्त्र आणि संख्याशास्त्र टाळून कुणी पुढे गेलेलं नाही. सुट्टीत ती दोन प्रकरणं पहिल्यापासून कर.

स्कोपबद्दल दोघांनाही स्पष्ट सांगते. शास्त्रज्ञाच्या कायम जागा थोड्या, पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं, सुरुवातीची फेलोशिप महिना ३७ हजार. लवकर पगार हवा असेल तर हा रस्ता नाही. पण कॉम्प्युटर विरुद्ध समुद्र ही निवडच खोटी आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 'अर्क' हा महासंगणक हवामानाची गणितं करतो, आणि इस्रोच्या आदित्य-एल१ या सूर्ययानावरची सूर्याचे अतिनील फोटो घेणारी दुर्बीण पुण्याच्याच आयुका या खगोलसंस्थेने उभी केली. अशा ठिकाणी प्रोग्रामिंग रोज लागतं, आणि ते येणाऱ्याला उद्या दुसरीकडेही नोकरी मिळते.

परीक्षा अशा : आयसर आणि नायसर या विज्ञानाच्या सरकारी संस्था, आयसरसाठी आयएटी, नायसरसाठी नेस्ट, नाहीतर बी.एस्सी. फिजिक्स करून एम.एस्सी.साठीची जॅम. पुढे पुणे, गोवा किंवा कोचीनच्या विद्यापीठात हवामान वा सागरी विज्ञान. जेईई आणि सीईटीही द्यावी. अभ्यास बहुतेक तोच आहे, दार कुठलंच बंद होत नाही.

निर्णय यंदा नको. लॅपटॉप मिळाला की मुलीने एक काम करावं. ब्रुसेल्सच्या वेधशाळेने १७४९पासूनची सूर्यडागांची महिनावार यादी फुकट ठेवली आहे. आपल्या पावसाचे जुने आकडेही उपलब्ध आहेत. दोन्ही शेजारी मांडायचे आणि १९५० पूर्वीचे व नंतरचे असे दोन भाग पाडायचे. पहिल्या भागात जे जुळलंय ते दुसऱ्यात जुळतं का, ते पाहायचं. महिनाभर यात जीव रमला तर फिजिक्स धरावं. आकड्यांचा कंटाळा आला, पण ते मांडणारा प्रोग्राम लिहिताना मजा आली, तर तिने कॉम्प्युटरकडे खुशाल जावं.