व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूत वायफायची यादीच दिसत नाही, लॅपटॉपवर मात्र वायफाय चालतंय. कसं जोडू?

आतून वायफाय जोडायची गरजच नाही; व्हर्च्युअलबॉक्समध्ये या मशीनच्या (म्हणजे उबुंटू चालतो त्या आभासी संगणकाच्या) सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'नॅट' (NAT) ठेवा, लॅपटॉपचं इंटरनेट आपोआप आत येतं. यादी दिसत नाही कारण व्हर्च्युअलबॉक्स लॅपटॉपचं खरं वायफाय कार्ड उबुंटूला दाखवतच नाही, त्याजागी एक नकली वायरचं कार्ड पुढे करतो. म्हणून वर कोपऱ्यात 'वायर्ड' दिसतं, ते बरोबरच आहे. उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये १०.०.२.१५ असा पत्ता आला असेल तर काम झालं. नसेल आला तर व्हर्च्युअलबॉक्सच्या त्याच नेटवर्कच्या पानावर 'केबल कनेक्टेड'ची खूण बघा. नसलेली केबल सुटलेली असू शकते, हसू नका. घरातल्या फोनवरून या मशीनपर्यंत पोचायचं असेल तर मात्र 'ब्रिज्ड अ‍ॅडाप्टर' घेऊन लॅपटॉपचं वायफाय कार्ड निवडा. हे दर वेळी चालेलच असं नाही: वायफायवर लॅपटॉप आणि मशीन दोघांनाही लॅपटॉपचाच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) वापरावा लागतो, आणि काही कार्डं नि राउटर इथेच अडतात. जवळपासची नेटवर्कं आतूनच शोधायची असतील तर यूएसबी वायफाय डोंगल लावून तो 'डिव्हायसेस' मेनूतून मशीनला द्या.