भूल उतरली, गॅस गेला कुठे?

प्रश्न : डॉक्टर, मी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या धुराड्यांवरून सगळे बोलतात पण आमच्या ओटीतला भुलेचा गॅस पाइपातून सरळ बाहेर जातो त्याचं कोणी नाव काढत नाही. युरोपात डेसफ्लुरेन हे भुलेचं औषध बंद केलं म्हणतात, खरंय का? आणि आमच्याकडे नवीन मशीनचा विषय काढला की मॅनेजमेंट ऐकतच नाही, मग करायचं काय?
– एक वाचक, सिडको

उत्तर : खरंय. युरोपियन युनियनने १ जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेनचा नेहमीचा वापर बंद केलाय, ज्या पेशंटला दुसरं काही चालतच नाही तेवढ्यापुरती सूट आहे. स्कॉटलंडने तर २०२३ मध्येच बंद केलं. भुलेचे हे गॅस शरीरात फारसे खर्च होत नाहीत, सेवोफ्लुरेन फार तर ५ टक्के, डेसफ्लुरेन जवळपास नाहीच, बाकी सगळं जसंच्या तसं श्वासातून बाहेर. तुमचा स्कॅव्हेंजिंगचा पाइप ओटीतल्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून असतो, तो काही गाळत नाही, नुसतं बाहेर नेऊन सोडतो.

डेसफ्लुरेनची २४० मिलीची एक बाटली हवेत गेली की ती साधारण ९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापवते, म्हणजे छोट्या पेट्रोल गाडीने नाशिक-मुंबई वीसेक वेळा जाऊन येण्याएवढी. सेवोची २५० मिलीची बाटली ५० ते ७५ किलो. त्यात भूल तेवढीच द्यायची तरी डेस सेवोच्या तिप्पट लागतं.

पण माझा अंदाज विचाराल तर तुमच्याकडे डेस नसेलच, महाग पडतं आणि ते २३ अंशाला उकळतं म्हणून त्याला गरम होणारा वेगळा व्हेपोरायझर (पातळ औषधाची वाफ करणारा मशीनचा भाग) लागतो. तुमचा खरा चोर म्हणजे नायट्रस ऑक्साइड, भुलेसाठीच वापरतात तो दुसरा गॅस. हा हवेत शंभरावर वर्षं टिकतो, वर ओझोनलाही खातो. आणि बऱ्याच ठिकाणी पेशंटपर्यंत पोचतो त्याच्यापेक्षा जास्त पाइपलाइनमधूनच गळून जातो, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांनी मोजलं तेव्हा हेच निघालं. गेज बघून हे कळत नाही बरं का! सिलिंडरमध्ये नायट्रस पातळ असतो, पातळ संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही. म्हणून निळा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, रविवारी ऑपरेशनची लिस्ट नसताना वजन उतरलं तर समजा गळतंय. मग मॅनिफोल्ड (पाइपलाइनला गॅस देणारी मोठ्या सिलिंडरांची जोडणी) बंद करून मशीनला छोटा सिलिंडर लावायचा आणि तोही काम नसताना बंद. यात खर्च काहीच नाही, उलट सिलिंडरचं बिल कमी येतं, मॅनेजमेंटला पर्यावरण सांगू नका, ते बिल दाखवा 😄

दुसरी गोष्ट फ्लोची, म्हणजे मशीनमधून दर मिनिटाला किती ताजा गॅस सोडायचा त्याची. सुरुवातीला ६ लिटर लावतात आणि मग गप्पांच्या नादात तो तसाच केस संपेपर्यंत चालू. पेशंट स्थिर झाला की १ लिटरच्या आसपास आणता येतो, सर्किट (मशीन आणि पेशंटमधल्या नळ्या) तोच गॅस पुन्हा फिरवतं, सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं. मात्र सर्किटमधला ऑक्सिजन आणि गॅसचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर नसेल तर हे करायचं नाही, नाही म्हणजे नाही. सोडा लाइमचा रंग बदलायला लागला का तेही बघत राहायचं. आणि नॉब फिरवायचा तो भूलतज्ज्ञांनी, तुम्ही आठवण करून द्या. आणखी एक, श्वासनलिकेत ट्यूब टाकताना मास्क काढतात त्या वेळी फ्लो चालूच राहतो आणि सगळं ओटीत पसरतं. तेवढा वेळ फ्लो बंद, व्हेपोरायझर राहू दे.

प्रश्न : आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. गॅस नको असं डॉक्टरांना सांगू का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : ताई, हे ओझं तुम्ही घेऊ नका. गुडघ्याला बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊनच काम होतं, गॅस लागतच नाही, पण आईंचं हृदय, मणका, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या हे सगळं बघून भूलतज्ज्ञ ठरवतील. विचारायला काहीच हरकत नाही, हट्ट मात्र धरू नका. त्या गोळ्या चालू असतील तर ते पहिल्याच भेटीत सांगा.