पाकिस्तान दुटप्पी आहे हे ठाऊक असूनही अफगाणिस्तानच्या युद्धात अमेरिका त्याच्यावर का विसंबली?

नकाशा बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. अफगाणिस्तानला समुद्र नाही, आणि इराणशी अमेरिकेचं वाकडं. मग फौजेच्या रसदीचे कंटेनर कराची बंदरात उतरवायचे आणि ट्रकने सीमेवरच्या तोरखम नाहीतर चमन नाक्यामार्गे वर न्यायचे, हाच त्यातल्या त्यात स्वस्त रस्ता. नाक पाकिस्तानच्या चिमटीत!

नोव्हेंबर २०११ मध्ये अफगाण सीमेजवळच्या पाकिस्तानी सलाला चौकीवर नाटोच्या हल्ल्यात २४ पाकिस्तानी सैनिक मेले, आणि पाकिस्तानने रस्ताच बंद केला. तो उघडला जुलै २०१२ मध्ये, अमेरिकेच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन ‘सॉरी’ म्हणाल्यावर. तोवर मध्य आशियातून महागडा वळसा.

विश्वास म्हणाल तर तो कधीच नव्हता. मे २०११ मध्ये लादेन सापडला पाकिस्तानातल्याच अबोटाबादेत, काकुलच्या पाकिस्तानी लष्करी अकादमीच्या शेजारीच म्हणा ना. त्या छाप्याचा पत्ता अमेरिकेने इस्लामाबादला आधी लागूच दिला नव्हता.