आय५-४४६० प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असलेल्या जुन्या पीसीसाठी कोणता प्रोसेसर आणि मदरबोर्ड घ्यावा?

गेम अडखळतो तेव्हा प्रोसेसर १०० टक्क्यांवर आणि ग्राफिक्स कार्ड अर्धं रिकामं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे अडचण प्रोसेसरचीच आहे. चार कोअर, चार थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामं) आता पुरत नाहीत. त्याच बोर्डावर बसणारा जुना आय७ शोधू नका, पैसे डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅममध्येच अडकतील.

माझ्या मते रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड घ्या. सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट. बॉक्सबंद घेतलात तर कूलरही सोबत येतो. रॅम मात्र नवी, डीडीआर४ लागेल: १६ जीबीची एक स्टिक नको, ८-८च्या दोन घ्या. दोन स्टिक एकत्र चालण्याचा, म्हणजे ड्युअल चॅनलचा फरक गेममध्ये खरंच जाणवतो. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगाने चालत राहते.

बी४५० हा आधीचा बोर्ड स्वस्त पडतो, पण जुना स्टॉक असेल तर बायोस अपडेटशिवाय ५६०० सुरूच होणार नाही. दुकानदाराकडून आधी करून घ्या. ५६००मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे १०६० इतक्यात विकू नका.

बजेट सैल असेल तरच रायझन ५ ७६००, बी६५० आणि डीडीआर५. आणि एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) तपासा: जुन्यात कधीकधी सीपीयूसाठी ४ पिनचीच केबल असते, नव्या बोर्डांना बहुधा ८ पिनची लागते.