चमच्यावरचा सिंह काय सांगतो?

प्रश्न: ताई, आजीच्या पेटीत एक जुना चमचा सापडला, मागे सिंह, जहाजाचा नांगर, राणीचं तोंड, एक अक्षर आणि कोपऱ्यात दोन अक्षरं आहेत. सराफ म्हणतो जर्मन सिल्व्हर, मोडीत काढा. काढू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अजिबात नको! एक पाय उचलून चालणारा सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, हजारात 925 भाग शुद्ध. नांगर बर्मिंगहॅमचा, तिथलं चांदीची शुद्धता तपासणारं ऑफिस 1773 ला सुरू झालं. तोंडाचा शिक्का म्हणजे कर भरल्याची खूण, 1784 ते 1890 मधली, आणि ती व्हिक्टोरिया राणी असेल, डावीकडे बघत असेल, तर चमचा 1838 नंतरचा. सुट्टं अक्षर वर्षाचं, पण नुसतं 'के' आहे म्हणून वर्ष ठरवू नका हं, तीच अक्षरं फिरून फिरून येतात, म्हणून अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही बर्मिंगहॅमच्या वर्ष-अक्षरांच्या तक्त्याशी जुळवायचं. कोपऱ्यातली दोन अक्षरं कारागिराची. तिथे ईपीएनएस (EPNS) असतं तर मात्र जर्मन सिल्व्हरवर, म्हणजे चांदी नसलेल्या मिश्रधातूवर, नुसता चांदीचा मुलामा. भिंगाखाली, तिरप्या उजेडात बघा, आणि प्लीज पावडरने घासू नका, शिक्केच झिजतात.