पहिल्या भेटीआधी एवढे लक्षात घ्या
दांपत्यांचे आणि कुटुंबांचे समुपदेशन करताना तुमची पदवी आणि अनुभव पहिल्या भेटीत दोन वाक्यांत सांगा. समोरच्या दांपत्याला प्रमाणपत्रांपेक्षा तुम्ही कुणाची बाजू घेणार, याचीच चिंता अधिक असते. हार्लीन अँडरसन आणि हॅरी गूलिशियन यांनी १९८० च्या दशकात घडवलेल्या सहयोगी पद्धतीत समुपदेशक ‘मला ठाऊक नाही’ या भूमिकेतून प्रश्न विचारतो, कारण स्वतःच्या आयुष्याचे जाणकार ते कुटुंबच असते. याचा अर्थ गप्प बसणे नव्हे, हे मला फार उशिरा उमगले. मनात आलेले विचार कुटुंबासमोर उघडपणे मांडा आणि ते खोडून काढण्याची त्यांना मुभा द्या. मात्र घरात मारहाण किंवा धाक असल्याची शंका आली, तर दोघांना एकत्र बसवण्याआधी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोला.