लिलीचे दोन बाबा

प्रश्न : सुट्टीत नात ‘मॉडर्न फॅमिली’ ही अमेरिकी विनोदी मालिका बघत होती. त्यातल्या मुलीला दोन बाबा आहेत. नात हसत होती, पण मला कळेना, हे त्या माणसांनाच हसणं नाही का?
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. २००९ सालचा पहिलाच भाग आठवून बघा. मिचेल आणि कॅम हे दोघे बाबा व्हिएतनामहून दत्तक घेतलेल्या लिलीला घेऊन विमानात बसतात. ‘क्रीम पफ’ हा शब्द कानावर पडतो. हा खरं तर आत क्रीम भरलेला गोड खाऊ, पण तो शब्द बायकी पुरुषाला हिणवायलाही वापरतात, म्हणून मिचेल भडकून अख्ख्या विमानाला भाषण देतो. प्रत्यक्षात लिलीच्या हातात खरेच क्रीम पफ असतात! हसू येतं ते त्याच्या धास्तीला. ती धास्ती कुठून आली, हे मात्र मला हसतानाही टोचलं.

माझी तक्रार वेगळी आहे. कॅमचं रडणं-ओरडणं वारंवार ठरीव साच्यात जातं. शिवाय पहिलं वर्षभर ही जोडी एकमेकांचं साधं चुंबनही घेत नव्हती. प्रेक्षकांनी मोहीम चालवली. २०१० मध्ये ते दिसलं, तेही मागे, ओझरतं.

मला सगळ्यात भावतो तो मिचेलचा बाप, जे प्रिचेट. सुरुवातीला अवघडलेला. २०१४ मधल्या लग्नात तोच मुलाचा हात धरून त्याला मांडवात घेऊन जातो. पाच वर्षं लागली त्याला. नातीला तो भाग लावायला सांगा आणि शेजारी बसा.